याचं आंग कोरडं काऊन?

बाई, तुमच्या अस्थींचं गाठोडं अंगणातल्या कडुनिंबाला टांगलं आहे. पाऊस उघडीप देत नाही म्हणून ह्यांनी वर पत्र्याचा तुकडा बांधला. मी सकाळी भांडी घासायला त्याच झाडाखाली बसते. पातेलं विसळून उपडं घातलं की हात आपोआप थांबतो, कारण नेमका तेव्हा मागून तुमचा आवाज यायचा, "बुडाले काळं राह्यलं वं, मास्तरीनबाई." आता काळं राहिलं तर राहतं.

दहाव्याच्या आत अस्थी नदीत सोडायच्या आहेत. कोणत्या नदीत, ते ठरत नाही. ह्यांचं म्हणणं पवनारला नेऊ. धाम नदी आहे, घाट चांगला आहे, वर्ध्याहून बस मिळते. आपली वणा घरापासून हाकेच्या अंतरावर आहे आणि सध्या दोन्ही काठ भरून वाहते आहे, पण या घरात तिचं नाव कोणी घेत नाही. तुमच्यासमोर कधी घेतलं नाही, तीच सवय राहिली. काल मोठे भाऊजी, तुमचे मालक, ओसरीवर आले आणि दाराच्या चौकटीकडे बघून बोलले. लग्न होऊन आल्यापासून ते माझ्याशी असंच बोलतात, धाकट्या भावाच्या बायकोशी थेट बोलायचं नाही म्हणून. "तिनं कोनाले काई सांगतलं असन तं हिलेच सांगतलं असन. कोन्ती नदी, ते इचारा म्हना."

चौकटीनं मला विचारलं, बाई, आणि मला उत्तर येत नाही. गोविंदाची वाट पाहणं तुम्ही सोडलं होतं की नव्हतं, एवढं कळलं तर नदीचं नाव मी सांगू शकेन. सोडलं असेल तर तुम्हाला वणेत सोडायचं, तुमचा मुलगा जिथे आहे तिथे. सोडलं नसेल तर वणेत कसं सोडायचं? जिचं नाव तुम्ही तोंडातून काढलं नाही, तिच्याच हवाली करायचं? एका चुलीवर इतकी वर्षं स्वयंपाक केला, जावा असून भांडलो कमी आणि हसलो जास्त, आणि एवढी एक गोष्ट मी तुम्हाला सरळ विचारली नाही. आज मला त्याचा राग येतो. माझा येतो, तुमचाही येतो.

मी विचार करायला बसले की सगळं त्या नाटक कंपनीपाशी जाऊन थांबतं.

कंपनी आली त्या वर्षी कापूस चांगला विकला गेला होता. फाल्गुन होता. स्टेशनावर मालगाडीच्या डब्यांतून तिचं सामान उतरत होतं आणि अर्धं हिंगणघाट नुसतं ते उतरताना बघायला गेलं होतं. राजमहालाचे खांब बैलगाडीत आडवे घालून आपल्या दारावरून नेले. कापसाच्या जिनाच्या मागच्या मैदानात पत्र्याचं थिएटर उभं राहिलं. टांग्यात भोंगा घेऊन बसलेला माणूस गुलाबी जाहिराती उधळत गेला, त्यातली एक तुम्ही उचलून माझ्यापुढे धरलीत. तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि माझ्याकडून साबणाच्या वेष्टनासकट सगळं वाचून घ्यायची तुम्हाला हौस. मी वाचलं. भव्य राजमहाल, डोळ्यांदेखत उगवणारा चंद्र, आणि स्टेजवर खऱ्या पाण्याची नदी. नदीपाशी माझी जीभ अडखळली. तुम्ही ताक घुसळत होतात, तुमची रवी थांबली नाही.

"जाऊ आपन," तुम्ही म्हणालात.

"तुमी येता, बाई?"

"काऊन? मले डोये नाई का?"

गोविंदाला वणेनं नेलं त्यानंतर तुम्ही देवळातसुद्धा गेला नव्हतात. त्यामुळे मी तुमचं मन बदलायच्या आत तिकिटं आणवली.

रविवारचा दुपारचा खेळ होता. वडनेर, जाम, अशा लांबच्या गावांहून गाड्या जुंपून लोक आले होते, उजेडी परत जायचं म्हणून. पत्रा असा तापला होता की बायकांच्या भागात पदरानं वारा घेण्याखेरीज कोणाला काही सुचत नव्हतं. पडदा वर गेला आणि महाल दिसला. मग टाळ्या सुरू झाल्या त्या थांबेनात. राजा गायला तोंड उघडून उभा, पेटीवाला पहिली ओळ परत परत वाजवतो आहे, आणि लोक खांबांना टाळ्या देत आहेत. शेवटी बिचारा गायला. चांगला गायला. पण आपल्या शेजारची वडनेरची बाई बोटानं खांब मोजत होती आणि मधूनच चुकून पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. गाणं संपल्यावर खालून, जमिनीवर बसलेल्यांतून, वन्स मोअर आला. राजा खूश झाला, लवून नमस्कार केला, परत सूर लावला. तेव्हा तो माणूस उठून उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "तुमाले नाई जी. म्हालाले."

त्या दिवशी तुम्ही हसलात, बाई. पदर तोंडाशी धरून, खांदे हलवत. इतक्या दिवसांनी हसलात की मला नाटकाचं भान राहिलं नाही, मी तुमच्याकडेच बघत राहिले. कंपनीच्या मॅनेजरनं तरी काय करावं? पडदा पाडला, परत वर घेतला, आणि महालानं वन्स मोअर घेतला. राजा तेवढा वेळ कडेला उभा राहून मिशी चाचपत होता.

भाऊजी पुरुषांच्या बाजूला होते. त्यांना गाण्याचं वेड, नाटकाला गेले की पहिल्या सुरापासून डोळे मिटून घ्यायचे. घरी येऊन दोन दिवस कुरकुरले, की हे कसलं नाटक, कानाचं काम डोळ्याला लावलं, सुतारानं गवयाची टाळी खाल्ली. त्यांचं खोटं नव्हतं. तुम्ही म्हणालात, "तुमी डोये मिटता तं दुसऱ्यानं बी मिटाव का?" त्या खेळात ते नदीच्या प्रवेशालाही डोळे मिटून होते, तेव्हा गाणं चालू नव्हतं तरी. गावानं त्यांना रसिक म्हटलं. बायकांपुढे टांगलेल्या बांबूच्या चिकाच्या फटीतून तुम्ही त्यांच्याकडे एकदा पाहिलंत, ते मी पाहिलं.

नदी आली ती अशी की आधी आवाज आला. मग निळा उजेड, आणि त्या उजेडात पाणी हललं. खरं पाणी होतं, पुढच्या ओळीतल्या लोकांच्या अंगावर शिंतोडे उडाले आणि ते ओरडले तेव्हा मागच्यांची खात्री पटली. त्या भट्टीसारख्या पत्र्याखाली लोक शपथेवर सांगत होते की गार वारा सुटला. बायकांनी पटापट हात जोडून कपाळाला लावले. कोणीतरी चिकाच्या खालून पैसा फेकला, पुलावरून जाताना गाडीतून टाकतो तसा. पुढच्या रविवारी तर बायका खण-नारळ घेऊनच आल्या. नदी म्हटली की तिची ओटी भरायची, ती स्टेजवर आहे की स्टेशनामागे आहे, याच्याशी आपल्याला काय करायचं? नाटक थांबवून ओटी भरली गेली. कंपनीचा आचारी पुढे आठवडाभर सगळ्या भाज्यांत खोबरं घालत होता, असं गावात म्हणत.

आणि मग, त्या पहिल्याच रविवारी, तो राजपुत्र. कोवळा मुलगा होता. राजकन्येचा हार पाण्यात पडतो, तो अंगरखा टाकतो आणि उडी घेतो. लाटा उसळल्या, तो दिसेनासा झाला. थिएटर टाळ्यांनी फुटायचं राहिलं. शिट्ट्या, फेटे वर उडाले. मी तुमचा हात धरला. तो गार होता आणि तुम्ही तो सोडवून घेतला नाहीत.

मध्ये एक प्रवेश गेला. राजकन्या रडली, गायली. मग राजपुत्र हार घेऊन उजव्या बाजूनं आला, केस नीट विंचरलेले, धोतराची इस्त्रीसुद्धा मोडलेली नाही. तो गायला सुरुवात करणार एवढ्यात, सगळं शांत असताना, तुम्ही मोठ्यांदा विचारलंत,

"याचं आंग कोरडं काऊन?"

बायकांच्या बाजूनं हसू उठलं ते पुरुषांच्या बाजूला गेलं आणि तिथून स्टेजवर. राजपुत्रालाच हसू आवरेना. गावानं ते वाक्य उचललं. कोणी उसनी वस्तू मागायला गेला आणि रिकाम्या हातानं आला, की आंग कोरडं काऊन? जावई सासरहून भांडून आला, आंग कोरडं काऊन? माझ्या शाळेतल्या मुली पाटीवर बेरीज न करता नुसतं उत्तर लिहीत, तेव्हा मीसुद्धा एकदा म्हणाले. सगळ्यांना वाटलं तुम्ही गंमत केली. तुम्ही गंमत केली नव्हती हे त्या थिएटरात दोघांना कळलं होतं. त्यातले एक डोळे मिटून बसले होते.

लोक कशाला टाळ्या वाजवतात, यावर भाऊजींनी खूप डोकं खपवलं. मी कधी त्यांच्याशी त्यावर बोलले नाही, कारण माझ्याजवळ जे उत्तर होतं ते या घरात बोलण्यासारखं नव्हतं. वणेला पूर आला की सगळं गाव काठावर बघायला जातं. घाटाच्या वरच्या पायरीवर माणसं दाटीवाटीनं उभी राहतात, शेंगदाणे खातात, वाहून येणारी लाकडं, भोपळे, कधी एखादं छप्पर एकमेकांना दाखवतात. पोरं लाकडासाठी उड्या घेतात आणि पुढच्या वळणावर बाहेर निघतात. गोविंदानं सागाचा ओंडका पाहून उडी घेतली तेव्हाही टाळ्या पडल्या होत्या. हेच लोक होते. मी तिथे होते, मी ऐकल्या आहेत. पुढच्या वळणाकडे सगळ्यांनी माना वळवल्या, आणि ओंडका आला. माना बराच वेळ तशाच होत्या.

तुम्ही घरी होतात. तुम्ही ती टाळी पहिल्यांदा ऐकलीत ती पत्र्याच्या थिएटरात.

त्यानंतर तुम्ही दर रविवारी गेलात. मी सोबत आले, कारण तुम्हाला एकटं सोडायची माझी छाती नव्हती. मी वाद घातला. म्हटलं, बाई, नाटक आहे ते, तो बुडतच नाही तर भिजणार कसा.

"मले समजते वं. मी का येडी हाओ? पन मधात तो जाते कुठं?"

"आत जाते. विंगेत."

"पान्यातून आत कसा जाते?"

मग एका सकाळी आपण दोघी मैदानात गेलो. कंपनीचा मिस्त्री पुण्याकडचा होता, विडी ओढत चौकटीला खिळे ठोकत बसला होता. तुम्ही त्याला सरळ म्हणालात की मला तुझी नदी दाखव. त्याला गंमत वाटली असावी. त्यानं दाखवली. पुढे पत्र्याची लांब परात, तिच्यात घोटाभर पाणी. तिच्यामागे निळ्या कापडाच्या दोन पट्ट्या, चार माणसांनी टोकं धरून हलवायच्या. त्या पट्ट्यांच्या मागे फळ्या काढून केलेला खड्डा. राजपुत्र परात ओलांडून, लाटांच्या आड, त्या खड्ड्यात पडायचा. खड्ड्यात एक गादी होती.

तुम्ही वाकलात. गादीवर तळहात टेकून दाबून पाहिलंत, मग दुसरीकडे दाबलंत. मला वाटलं रडणार. तुम्ही म्हणालात, "कापूस जुना हाय. गाठी झाल्या याच्यात. पिंजून घ्या."

"घेऊ," मिस्त्री म्हणाला. "दोन माणसं दोन्ही बाजूंनी ताणून धरतात, म्हणून भागतं."

"रोज टाकता?"

"रोज टाकावीच लागते, बाई. एक दिवस विसरलो तर पोराची कंबर मोडेल. तिसरा एक पंचा घेऊन उभा असतो, घाम पुसायला."

येताना तुम्ही आपल्या गल्लीच्या तोंडाशी आल्यावर थांबलात. "त्याच्यासाठी दोघं जन गादी धरून उभे राह्यते," तुम्ही म्हणालात. "अन् तिसरा पंचा घेऊन."

परत तुम्ही त्या नाटकाला गेला नाहीत. राजपुत्र बाहेर कसा येतो ते तुम्हाला कळलं होतं. दुसऱ्याच दिवशी तुम्ही पिंजाऱ्याला बोलावलंत.

आपल्या गावात कापसाला तोटा नाही. तुम्ही निवडून घेतलात, लांब धाग्याचा, एक बोंड पिवळं नको. अंगणात दिवसभर पिंजणीची तार वाजत होती आणि तुमच्या केसांवर, पापण्यांवर कापूस बसला होता. गादी एवढी जाड झाली की पिंजारी म्हणाला, "कोन झोपनार जी याच्यावर?" तुम्ही त्याला भाकर वाढलीत. भाऊजी आले, त्यांनी गादी पाहिली, आणि जोडे न काढता परत बाहेर गेले.

मग दर पावसाळ्यात तेच. वणेचं पाणी चढलं असं कोणी सांगत आलं की तुम्ही माळ्यावरून गादी उतरवायच्या आणि ओसरीवर अंथरायच्या. पूर उतरला की गुंडाळून वर. त्यावर कोणी बसायचं नाही. पाहुणे आले तर ते घोंगडीवर बसत आणि गादीकडे बघत. शेजारी आधी कुजबुजले, पुढे त्यांना सवय झाली. तुम्ही सगळी कामं करत होतात, हसत होतात, मला चिडवत होतात. मी सासूबाईंच्या मनाविरुद्ध शाळेत नोकरी धरली तेव्हा त्यांच्यासमोर मला म्हणालात, "जाय तू, चूल मी पायतो." त्या एका वाक्यावर मी आजवर पगार घेते आहे. ज्या बाईनं मला घराबाहेर काढलं ती स्वतः एका गादीपाशी अडकून पडली, हे मला सहन व्हायचं नाही.

म्हणून मी भाऊजींची बाजू घेतली. देह सापडला नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून क्रिया करतात. त्यांनी गुरुजींना विचारूनही ठेवलं होतं. मी तुम्हाला म्हटलं, बाई, होऊन जाऊ द्या, त्यालाही सुटका, तुम्हालाही. तुम्ही तांदूळ निवडत होतात. म्हणालात, "पानं जाळून पोरगं सुटते का? तूच मुलींले शिकवतं नं, खरं काय न् नाटकी काय." मला राग आला. मी म्हटलं, मग ती गादी काय आहे? तुम्ही मान वर केलीत आणि माझ्याकडे बघत राहिलात. तो वाद तिथेच पडला आहे, सुपातल्या तांदळासारखा, अर्धा निवडलेला.

कंपनी पुन्हा आली नाही. नदीच्या खर्चानं बुडाली म्हणतात. आता त्या मैदानात तंबूतला सिनेमा येतो, त्यात नद्याच नद्या असतात आणि कोणी पैसा टाकत नाही. तुमचं वाक्य तेवढं गावात राहिलं. तुमची तिरडी निघाली त्या सकाळी कोपऱ्यावरची दोन पोरं एकमेकांना तेच म्हणत होती, एकाला विहिरीवरून पाणी न आणता आल्याबद्दल. ते कोणाचं वाक्य आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. मी त्यांना सांगितलं नाही.

आता शेवटचं. तुम्ही गेलात त्या दिवशी पूर होता आणि गादी ओसरीवर होती. तुम्हाला उठवत नव्हतं म्हणून मी अंथरली होती, पहिल्यांदाच. तुम्ही आत, तापात, डोळे मिटून. मी अंथरल्याचं तुम्हाला कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. दुपारी तुम्ही स्पष्ट म्हणालात, "गादी काढ."

काढ. माळ्यावरून काढ, पाणी चढलं, त्याच्यासाठी अंथर? की अंथरली आहे ती काढ, उचल, पुरे झालं? मी तुमच्या तोंडाजवळ वाकून विचारलं, "काढू म्हंजे काय करू, बाई?" तुम्ही ओठ हलवले. मग तुम्हाला भुईवर घ्यायची वेळ आली आणि माणसं आत आली.

मुलींना मी व्याकरण शिकवते. एका शब्दाचे दोन अर्थ, वाक्यात उपयोग करा. तेव्हापासून मी त्या दोन शब्दांकडे बघते आहे आणि मला काहीही कळत नाही.

इथवर परवा लिहिलं होतं.

काल सकाळी भाऊजी परत ओसरीवर आले. गादी अजून तिथेच होती. ती कोणाला द्यावी, हा एक प्रश्न होताच. मेलेल्याचं अंथरूण ज्यांच्या दारात नेऊन टाकायची रीत होती, त्यांनी धम्माची दीक्षा घेतल्यापासून असलं घेणं बंद केलं आहे, आणि छान केलं. शिवाय ही तुमची गादी नव्हतीच. हिच्यावर कोणी झोपलं नव्हतं.

भाऊजींनी या वेळी चौकटीकडे पाहिलं नाही. माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत मी त्यांचे डोळे समोरून पाहिले नव्हते. "तुले काय वाटते?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "मले ठाऊक नाई, भाऊजी. वणेतच सोडा."

का म्हटलं, ते मला अजून सांगता येत नाही. तुमच्या मनातलं ओळखलं म्हणून नव्हे. पवनारला तुमच्या ओळखीचं कोणी नाही, एवढंच डोक्यात आलं. भाऊजी मग वाकले आणि गादी गुंडाळायला लागले. ह्यांनी हात लावू पाहिला तर त्यांनी ह्यांचा हात बाजूला केला. पावसात, खांद्यावर ती एवढी गादी घेऊन ते घाटाकडे निघाले, आणि गाठोडं घेऊन हे त्यांच्यामागे.

अस्थी सोडायला बायकांनी घाटावर जायचं नसतं. मी दारात बसून राहिले. पुढचं मला ह्यांनी सांगितलं. काठावर पूर बघायला माणसं होतीच. भाऊजी पाण्यात शिरले, कमरेपर्यंत, मग छातीपर्यंत. त्यांनी गादी पाण्यावर अंथरली आणि तिच्या मधोमध तुमचं गाठोडं ठेवलं. काठावर कोणी टाळी वाजवली नाही. भाऊजींनी गादीची कड धरून ठेवली होती. ती सोडेनात. ह्यांनी दोनदा हाक मारली. मग पाण्यानंच ती ओढून घेतली. कापूस होता म्हणून थोडा वेळ तरंगली. वळणापर्यंत गेली नाही. आधी एक कोपरा खाली गेला, मग सगळी. तेवढा वेळ भाऊजींचे डोळे उघडे होते, असं हे म्हणाले.

माझं मन हलकं झालं, तुम्ही त्याला भेटलात, असलं काही मला लिहिता येणार नाही. तुम्ही दोघं कुठेही भेटला नाहीत. खाली कोणी काही धरून उभं नव्हतं. मी तुमच्यासाठी नदी निवडली आणि ती बरोबर होती की चूक, हे मला कधीच कळणार नाही. तुम्ही असतात तर चुलीपाशी बसून आपण यावर भांडलो असतो, आणि तुम्हीच जिंकला असतात.

ते घरी आले तेव्हा पाऊस थांबला होता. भाऊजी ओसरीवर चढले आणि जिथे गादी असायची, बरोबर त्या जागेवर उभे राहिले. मी आतून पंचा आणून समोर धरला. त्यांनी तो घेतला नाही. धोतरातून, बाह्यांतून, दाढीतून पाणी गळत होतं आणि ओसरीच्या सारवणात मुरत होतं.

बाई, त्यांचं अंग ओलं होतं.